वजा बावीस

तन्वी आणि अर्जुन,

गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो तेव्हा अर्जुनने मध्येच विचारलं, "आज्जी, तुझ्या मागे टेबलावर ते काळं गोल घड्याळ आहे, त्याला एकच काटा का?" मी म्हटलं, ते घड्याळ नव्हे, मोटरसायकलच्या तेलाचं तापमान दाखवणारी तबकडी आहे. त्यावर तन्वीने लगेच विचारलं, "बरोबर दाखवते का?" मी सोळा वर्षांची असताना माझ्या वडिलांनी मला नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं. फोनवर तेवढं सांगायला वेळ नव्हता, तुमच्या पोहण्याच्या क्लासची वेळ झाली होती. शिवाय ही हकिगत ठाऊक असलेली माणसं आता माझ्याखेरीज कोणी उरली नाहीत. म्हणून लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही. मी इंग्रजीत शिकले आणि पुढे तेहतीस वर्षं इंग्रजीतच शिकवलं. पण यातली माणसं इंग्रजीत बोलली नव्हती. त्यांच्या तोंडी इंग्रजी घालून पाहिली, तर ती मलाच ओळखू येईनात. हळूहळू वाचा. अडलं तर आईला विचारा.

आम्ही तेव्हा मद्रासमध्ये अड्यारला राहत होतो. आता तिथे मजल्यांवर मजले चढले आहेत. तेव्हा आमच्या गल्लीत बैठी घरं होती, आणि संध्याकाळी समुद्राचा वारा सुटला की नारळाच्या झावळ्यांची सळसळ थेट माजघरापर्यंत येई. घरात आम्ही चौघं. अप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या पेन्सिली कायम टोकदार असत आणि त्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आई साताऱ्याहून लग्न होऊन मद्रासला आलेली. आणि आक्का, अप्पांची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. स्वयंपाकघर तिचं होतं. अप्पांचं घराणं तंजावरचं, त्यामुळे आक्काची मराठी जुन्या पोथीतल्यासारखी, मध्ये तमिळ शब्द पेरलेली आणि तमिळ हेल काढून बोललेली. आईची मराठी साताऱ्याची, ठसठशीत. दोघी एकमेकींना सतरा-अठरा वर्षं सुधारत होत्या. "मज भूक नाहीं" असं आक्का म्हणाली की आई हळूच म्हणे, "मला." आणि आईने आमटी केली की आक्का चाखून म्हणे, "बरी आहे. आणखी दहा वर्षांनी सांबारं होईल." यावर दोघी हसत, पण सुधारणं कोणी सोडलं नाही.

आक्काची मडी, म्हणजे सोवळं, हा आमच्या घरातला कायदा होता. सकाळी विहिरीवर नाहून, उंच बांबूवर वाळत घातलेलं लुगडं काठीने उतरवून ती नेसे, आणि मग सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तिला, तिच्या भांड्यांना आणि तिच्या करंडीला कोणी शिवायचं नाही. करंडी म्हणजे पळी. पितळेची, लांब दांड्याची, माझ्या आजीच्या हातची. मी उंबऱ्याबाहेर पाटावर बसून अभ्यास करायची आणि आक्का आत काम करायची. रगड्यावर उडीद वाटल्याची घरघर, भाजत्या कॉफीच्या बियांचा वास, मोहरीचा तडतडाट, या सगळ्यात मी भूमिती शिकले. आजही वर्तुळाची प्रमेयं म्हटली की मला हिंगाचा वास येतो. माझं म्हणणं तेव्हा असं होतं की उंबऱ्याच्या अलीकडे शास्त्र आहे आणि पलीकडे स्वयंपाक. हे मी आक्काला बोलूनही दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "होय की. शास्त्राला भूक लागली की हांक मार."

मागच्या अंगणात शेवग्याच्या झाडाखाली मोटरसायकल उभी असे. आई तिला फटफटी म्हणायची, अप्पा 'गाडी' म्हणायचे, आणि आक्का तिचं नावच घेत नसे. ती अप्पांच्या धाकट्या भावाची, रघुकाकांची होती. इंग्लिश बनावटीची, युद्धाच्या आधीची, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. रघुकाका लढाईच्या काळात विमानदुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होते. मोडीत निघालेल्या एका विमानातली तेलाच्या तापमानाची तबकडी त्यांनी आणली आणि स्वतः या गाडीच्या हँडलवर बसवली. तबकडीतून तांब्याची बारीक, वाटोळी वळवलेली नळी निघे. तिच्या शेवटाला पितळेचं बोटाएवढं टोक होतं, ते बैठकीखालच्या तेलाच्या टाकीत बुडलेलं असे. एकशे वीसच्या आकड्यावर त्यांनी लाल रंगाची रेघ ओढली होती. काटा त्या रेघेपुढे गेला तर गाडी थांबवायची. मी अकरा वर्षांची असताना रघुकाका तीन आठवड्यांच्या तापाने गेले. त्या तीन आठवड्यांत डॉक्टरांच्या थर्मामीटरपेक्षा आक्काचा तळहात जास्त वेळ त्यांच्या कपाळावर होता. त्यानंतर पाच वर्षं तिने घरात त्यांचं नाव उच्चारलं नाही, आणि आम्हीही तिच्यासमोर उच्चारलं नाही.

रघुकाका दर वर्षी आपल्या वाढदिवशी आक्काच्या हातचे वडे डब्यात घेऊन महाबलीपुरमला जात आणि समुद्राकडे तोंड करून खात. गेली पाच वर्षं कोणी गेलं नव्हतं. त्या वर्षी अप्पांनी ठरवलं, आपण जायचं. मला मागे बसवणार होते. पण गाडी अलीकडे लवकर तापत होती. ऑफिसातून येताना अड्यारच्या पुलापर्यंत काटा लाल रेघेवर येई. अप्पा पुलाच्या कठड्याशी थांबत, खाली उतरून तेलाच्या टाकीजवळ तळहात धरून उभे राहत, आणि काटा उतरल्यावर पुढे निघत. त्या गाडीचे सुटे भाग तेव्हाच मिळेनासे झाले होते. तेल खरंच इतकं तापत असेल तर एक दिवस पिस्टन आत अडकून बसेल आणि गाडी कायमची जाईल. महाबलीपुरमच्या वाटेवर पेरुंगुडीच्या पुढे तर भाताची शेतंच होती, गाडी ढकलत आणायलाही माणूस मिळायचा नाही. आणि तबकडी जुनी झाल्यामुळे उगाच जास्त दाखवत असेल तर भिण्याचं काही कारण नव्हतं.

एका रविवारी अंगणात गाडी पुसता पुसता अप्पांनी मला विचारलं, "कुमुद, तू फिजिक्स शिकतेस. ही तबकडी बरोबर सांगते का, हे कसं कळेल?"

आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. "झालं. माणसाचा ताप बघायला डॉक्टर, फटफटीचा ताप बघायला आमची लेक."

मला फार आनंद झाला. तोवर मला कोणी मोठ्या माणसाने ज्याचं उत्तर त्याला स्वतःला ठाऊक नाही असा प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या शिक्षिका मिस थॉमस यांच्याकडून दोनशे अंशांपर्यंतचा थर्मामीटर सही करून आणला. त्या म्हणाल्या, उकळत्या पाण्यात बुडवून बघ, मद्रास समुद्राच्या पातळीवर आहे, शंभर यायला हवेत. पण पाणी मला बाळबोध वाटलं. इंजिनात तेल असतं, तेव्हा परीक्षा तेलातच व्हायला हवी. आक्काकडे कढई मागितली. तिने एक गंजकी लोखंडी कढई आणि जुनं तिळाचं तेल उंबऱ्याबाहेर सरकवलं. "हें परत आंत आणायचं नाहीं. माझ्या मडींत फटफटीचं तेल नको." मी ढवळायला काही मागितलं का, असं तुम्ही विचाराल. तिची करंडी मागण्याची माझी छाती नव्हती, हे खरं. पण अंगणात काठ्या काय कमी होत्या? मला ते सुचलंच नाही. ढवळणं म्हणजे स्वयंपाक, आणि मी तर प्रयोग करत होते.

गाडीशेजारी शेगडी पेटवली. टाकीतून पितळी टोक काढून, पुसून कढईत सोडलं. ते जड असल्यामुळे तळाला जाऊन बसलं. थर्मामीटर काचेचा, म्हणून तो खुर्चीच्या पाठीला दोरीने बांधून तेलात वरच्या वर टांगला. दर दोन मिनिटांनी मी दोन्ही आकडे वहीत लिहिले. समास आखलेला, रकाने सरळ. तबकडी प्रत्येक वेळी जास्त दाखवत होती. कधी एकोणीस, कधी पंचवीस. मी सरासरी काढली: बावीस. अप्पांनी माझी बेरीज तपासली, भागाकार तपासला, आणि काही चूक सापडली नाही म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी कागदाच्या एका कपट्यावर आपल्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात 'वजा बावीस' असं लिहून तो तबकडीच्या खाली डिंकाने चिकटवला.

तो आठवडा माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या आठवड्यांपैकी एक होता, असं लिहिताना मला आजही थोडी लाज वाटते. अप्पा पुलावर थांबेनासे झाले. रोज पंधरा मिनिटं लवकर घरी येत, आणि गाडीवरून उतरताना मोठ्याने सांगत, "आज एकशे सव्वीस. वजा बावीस. म्हणजे एकशे चार." ऑफिसात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या मुलीने सिद्ध केलं. शेजारचे वकीलमामा येऊन माझी वही बघून गेले. आईनेसुद्धा साताऱ्याला पत्र लिहिलं. शुक्रवारी रात्री आक्काने कोणालाही न विचारता उडीद भिजत घातले, तेव्हा आम्हाला कळलं की रघुकाकांच्या वाढदिवसाची तारीख तिच्या लक्षात आहे.

शनिवारी सकाळी निघायचं होतं. मी दोन वेण्या घालून, स्कार्फ बांधून उंबऱ्याबाहेर पाटावर बसले होते. आत आक्का वडे तळायला बसली होती. तिने पिठाचा एक छोटा ठिपका तेलात टाकला. तो खाली गेला आणि वर आला नाही. तिने करंडीने तेल तळापासून वर सावकाश दोन-तीनदा ढवळलं, दुसरा ठिपका टाकला. तो बुडबुडत वर आला.

"आक्का, दोनदा का टाकलंस?"

तिने पहिला ठिपका करंडीने काढून मला दाखवला. "बघ, खालून काळा, वरून पांढरा. तळ तापला, वरचं तेल अजून निजलंय. ढवळल्यावांचून तेलास काय कळतं गे?"

मी तो ठिपका बघत राहिले. पितळी टोक तळाला बसलेलं. त्याच्याखाली लोखंड, लोखंडाखाली निखारे. आणि माझा थर्मामीटर वरती, निजलेल्या तेलात. मी बावीस अंशांचा जो फरक मोजला तो तबकडीतला नव्हताच; तो कढईच्या तळातला आणि वरच्या तेलातला फरक होता. मग तबकडी? कदाचित बरोबर. आणि ती बरोबर असेल तर अप्पा आठवडाभर लाल रेघेच्या पुढे गाडी चालवत होते, माझ्या सांगण्यावरून.

बाहेर अप्पांनी किक मारली. पहिली, दुसरी, तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तो आवाज मला फार आवडायचा. मी उठले, पण लगेच धावले नाही. दारापाशी मी थांबले. पोटात दुखतंय म्हणून सांगता आलं असतं. त्या दिवशी कोणी गेलं नसतं, मग मी गुपचूप पुन्हा तपासलं असतं, आणि चिठ्ठी कधीतरी गळून पडली असती. हे सगळं दाराच्या चौकटीला धरून मी विचारात घेतलं. किती वेळ ते ठाऊक नाही. आक्काच्या कढईतला पहिला वडा तेवढ्यात तळून झाला असावा, कारण त्याचा वास आला.

मी अंगणात जाऊन म्हटलं, "अप्पा, थांबा. बावीस चुकीचं आहे."

इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. "काय?"

"माझं चुकलंय!"

"काय म्हणतेस?"

"माझा प्रयोग चुकला! तबकडी बरोबर असेल! मी ढवळलं नव्हतं!"

शेवटचं वाक्य मी ओरडलेच, आणि नेमकं त्याच क्षणी अप्पांनी इंजिन बंद केलं. सगळी गल्ली ऐकत होती असं मला वाटलं. अप्पा गाडीवर बसून माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी डोक्याला रघुकाकांची चामड्याची टोपी घातली होती. मी रडत रडत काळ्या-पांढऱ्या ठिपक्याचं सांगितलं. त्यातलं त्यांना कितपत कळलं देव जाणे.

आई म्हणाली, "अहो, आधी खाली उतरा. फटफटी काही पळून जात नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आक्का बाहेर आली. मडीच्या लुगड्यात, दोन्ही हातांत फडक्याने धरलेली वड्यांची कढई, आणि करंडी बगलेत. तिने कढई अंगणात ठेवली. "शेगडी पेटीव," ती आईला म्हणाली. "आणि पोरी, तूं तुझी ती कांचेची कांडी आण."

अप्पा चाचरले. "आक्का, तुझी मडी..."

"मडी उद्यां नाहलें की होईल. रघूची गाडी होईल काय?"

पाच वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव आलं. आई विस्तवाला फुंकर घालत राहिली, जरा जास्तच वेळ.

शेगडी नीट पेटेपर्यंत कढईतलं तेल बरंच निवलं होतं. या वेळी पितळी टोक मी तळाला जाऊ दिलं नाही. थर्मामीटरच्या शेजारी, त्याच उंचीवर दोरीने बांधलं. आक्का जमिनीवर बसून करंडीने तेल तळापासून सावकाश वर आणत होती, वडे तळताना आणते तसंच, न थांबता. मी थर्मामीटर वाचत होते, अप्पा तबकडी वाचत होते, आणि आई माझ्या वहीत लिहीत होती. "ब्याऐंशी." "त्र्याऐंशी." "शंभर." "शंभर." "एकशे अकरा." "एकशे दहा." मग अप्पांनी स्वतः आंघोळीच्या बंबातलं पाणी पातेल्यात आणून उकळायला ठेवलं. मिस थॉमसनी सांगितलेली बाळबोध परीक्षा. उकळतं पाणी आपलं आपणच ढवळून निघतं, त्याला करंडी लागत नाही. काटा शंभरावर जाऊन उभा राहिला आणि हलला नाही.

"म्हणजे काल पुलावर एकशे सव्वीस होतं," अप्पा म्हणाले, "ते एकशे सव्वीसच होतं." ते खाली बसले आणि तेलाच्या टाकीवर त्यांनी तळहात ठेवला.

गाड्या दुरुस्त करणारा मुनुसामी मेस्त्री दुपारी आला. त्याने टाकी रिकामी केली तेव्हा तळाशी तेल गाळायची जी जाळी असते ती फडक्याच्या तंतूंनी आणि गाळाने जवळजवळ बुजलेली निघाली. इंजिनाला तेल जेमतेम पोचत होतं. त्याने जाळी उन्हात धरून अप्पांना दाखवली, महाबलीपुरमच्या दिशेला हात केला आणि मान हलवली. "नल्ल वेळै, सार्," तो म्हणाला, नशीब म्हणायचं. आक्का दारातून म्हणाली, "नशीब कशास? पोरीस विचारायची बुद्धी झाली." आणि आत जाऊन तिने पुन्हा स्नान केलं, नवं तेल चढवलं आणि उरलेले वडे तळले, कारण मुनुसामी जेवायचा थांबला होता.

मी दिवसभर अप्पांच्या समोर गेले नाही. संध्याकाळी त्यांनी हाक मारली. ओल्या फडक्याने त्यांनी 'वजा बावीस'ची चिठ्ठी न फाडता सोडवली होती. मला वाटलं, फेकतील. त्यांनी माझी वही मागितली, पहिल्या प्रयोगाच्या पानावर मी रागाने मारलेली काट बघितली, आणि चिठ्ठी त्याच पानावर, सरासरीच्या खाली, चिकटवली. त्याखाली लिहिलं: 'दुसऱ्या तपासणीत दुरुस्त. तबकडी बरोबर आहे.' आणि तारीख घालून सही केली, नकाशावर करत तशी.

"अप्पा, ते पान मी फाडणार होते."

"कशाला? नकाशा दुरुस्त केला तरी पहिला आम्ही ठेवतो." मग म्हणाले, "आठवडाभर मी लोकांना सांगत होतो की माझ्या मुलीने सिद्ध केलं. सोमवारी जाऊन सांगेन, तिनेच खोडलं. दुसरं जास्त अवघड आहे, कुमुद."

पुढे शाळेत शिकवताना किती मुलींनी खाडाखोड लपवायला पानं फाडली, आणि मी ती परत चिकटवायला लावली, याची गणती नाही. त्यांना मी फार कडक वाटत असे. त्यामागचं कारण मी कोणाला सांगितलं नाही.

महाबलीपुरमला आम्ही पंधरा दिवसांनी गेलो. वाढदिवस टळून गेला होता, पण वडे तेच होते. आक्काने डबा माझ्या हातात न देता स्वतः गाडीच्या पिशवीत ठेवला, आणि झाकण घट्ट आहे ना ते पुन्हा पुन्हा बघितलं. अख्ख्या रस्त्यात काटा पंच्याऐंशीच्या पुढे गेला नाही. समुद्राकडे तोंड करून वडे खाताना अप्पांना रघुकाकांच्या गोष्टी आठवल्या, आणि परत आल्यावर त्यांनी त्या आक्काला सांगितल्या, उंबऱ्याबाहेर पाटावर बसून. ती आतून त्यांच्या चुका काढत होती. "असं नव्हे, तें आधीं झालं. तुज कांहीं आठवत नाहीं." बराच वेळ ती हसत होती.

अप्पांच्या नंतर मोटरसायकल माझ्या धाकट्या दिराने नेली, आणि पुढे ती कुठे गेली ते मला माहीत नाही. तबकडी मी त्याआधी काढून घेतली होती. तन्वीच्या प्रश्नाचं उत्तर: सोमवारी मी विजेच्या किटलीत पाणी उकळून पितळी टोक त्यात धरलं. शहाण्णव दाखवते. चार कमी. दोनदा तपासलं.

तबकडी टेबलावर आहे. वही कपाटात आहे. डिंक पिवळा पडला आहे, पण चिठ्ठी सुटलेली नाही. करंडी रोजच्या वापरात आहे.